फोन वाजतो, उचलत कोणी नाही: हातची विक्री कशी जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासगाव परिसरात पंप, मोटारी आणि फवारणी यंत्रांचे सुटे भाग विकण्याच्या व्यवसायात माझी बावीस वर्षे गेली. अलीकडे मी लहान दुकानदार, दुरुस्ती करणारे कारागीर, घरगुती उत्पादक आणि कोकणातील काही आंबा बागायतदार यांना ग्राहकसेवेची घडी बसवण्यासाठी मदत करतो. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक असून पुढचे अडचणीच्या प्रसंगांविषयी आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्राहकाला खरोखर गरज असेल, तर तो पुन्हा फोन करेलच ना?

बहुतेक वेळा करत नाही, कारण ज्याची गरज खरी असते त्यालाच थांबायला वेळ नसतो. आमच्या भागातील उदाहरण देतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना रात्री अवकाळी पाऊस झाला, तर दावण्या रोगाच्या भीतीने शेतकऱ्याला उजाडताच फवारणी करायची असते. नेमका तेव्हाच त्याच्या फवारणी पंपाचा दाब बसतो आणि पिस्टनचे वॉशर गेल्याचे लक्षात येते. तो सकाळी सहाला पहिल्या दुकानाला फोन करतो. तिथे कोणी उचलला नाही, तर पुढच्या मिनिटाला दुसऱ्या दुकानाला करतो. साडेनऊला पहिल्या दुकानाचे शटर वर जाते, तोपर्यंत वॉशर बसलेले असतात आणि निम्मी बाग फवारून झालेली असते.

पुन्हा फोन करतो तो बहुधा जुना, ओळखीचा ग्राहक, किंवा ज्याला आपल्याशिवाय दुसरीकडे ती वस्तू मिळत नाही असा. नवा ग्राहक आपल्याला ओळखतच नसल्यामुळे त्याला आपली वाट पाहण्याचे काही कारण नसते. म्हणून फोन न उचलण्याचा सर्वांत मोठा फटका नव्या ग्राहकांच्या बाबतीत बसतो, आणि धंदा वाढतो तो त्यांच्याच जोरावर.

२. अशी किती विक्री बुडते हे कसे मोजायचे? खतावणीत तर ती कुठेच दिसत नाही.

खरी अडचण हीच आहे. उधारी बुडाली तर वहीत नाव राहते आणि माल खराब झाला तर तो डोळ्यांसमोर पडून असतो, पण न उचललेल्या फोनमुळे गेलेला ग्राहक कोणत्याच खात्यावर दिसत नाही. त्यामुळे मालकाला प्रामाणिकपणे वाटत राहते की यंदा बाजारातच मंदी आहे.

मोजण्यासाठी पंधरा दिवस पुरतात. रोज संध्याकाळी फोनमधील मिस्ड कॉलची यादी उघडावी आणि त्यातील जे क्रमांक आपल्याकडे नावानिशी साठवलेले नाहीत, ते वहीत लिहावेत. प्रत्येकाला परत फोन करून शांतपणे विचारावे, “आपला फोन आला होता, काय हवे होते?” उत्तरे तीन खान्यांत लिहावीत: अजून हवे आहे, दुसरीकडे घेतले, चौकशी वेगळीच होती. मधला खाना हा आपला तोटा.

समजा, रोज आठ फोन सुटतात आणि त्यांतील तीन नव्या ग्राहकांचे आहेत. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर असे अठ्ठ्याहत्तर ग्राहक होतात. त्यांतील निम्मे परत मिळाले आणि निम्मे गेले असे धरले, तर एकोणचाळीस गेले. आपल्याकडे दहा चौकशांतून चार विक्री होत असतील आणि एका विक्रीमागे सरासरी सहाशे रुपये सुटत असतील, तर महिन्याला सुमारे नऊ हजार तीनशे साठ रुपयांचा नफा निघून गेला. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, आपले आकडे आपण भरावेत. एकदा हा हिशेब हातात आला की फोनसाठी अर्धवेळ माणूस ठेवणे परवडते का, या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यावे लागत नाही.

३. आमच्याकडे एकच फोन आहे आणि तो दिवसातला बराच वेळ रिकामाच असतो. दुसरा घेण्याची गरज आहे का?

फोन “बराच वेळ रिकामा असतो” ही भावना फसवी आहे, कारण फोन एकामागोमाग एक शिस्तीत येत नाहीत. अशा अनियमित येणाऱ्या फोनांपैकी किती जणांना फोन व्यग्र लागेल, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी सोडवला आणि त्यांचे १९१७ सालचे सूत्र दूरध्वनीच्या व्यवस्थेत आजही वापरले जाते.

त्या सूत्राने आपला हिशेब करून पाहू. तासाला सरासरी दहा फोन येतात आणि प्रत्येक फोन तीन मिनिटे चालतो, म्हणजे साठ मिनिटांत तीस मिनिटांचे बोलणे आहे. फोन एकच असेल, तर तीनपैकी एका ग्राहकाला तो व्यग्र लागतो. दुसरा फोन घेतला, तर हे प्रमाण तेरापैकी एकावर येते. हंगामात याच्या दुप्पट फोन येऊ लागले, तर एकाच फोनवर निम्मे ग्राहक माघारी जातात, आणि दोन फोन असतील तर पाचपैकी एक. व्यग्र लागलेला माणूस लगेच पुन्हा फोन करत नाही असे धरून हा हिशेब केलेला आहे, आणि तो का करत नाही हे पहिल्या प्रश्नात आले आहे.

कॉल वेटिंगमुळे हा प्रश्न सुटत नाही. आपण पहिल्या ग्राहकाशी बोलत असताना दुसऱ्याला नुसती रिंग ऐकू येत राहिली, तरी त्याच्या दृष्टीने तो न उचललेला फोनच असतो. मात्र दोन्ही फोन एकाच माणसाच्या खिशात असतील, तर दुसऱ्या फोनचा काही उपयोग नाही. फोन दोन असतील तर उचलणारेही दोघे हवेत.

४. फोन किती वेळात उचलावा, आणि सुटलाच तर किती वेळात परत करावा?

भारतात मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ही मुदत ठरवून दिली. म्हणजे मोबाइल असेल, तर गोदामातून काउंटरपर्यंत येण्यासाठी आपल्याकडे अर्धेच मिनिट असते. त्यामुळे फोन गल्ल्याच्या खणात न ठेवता काम करणाऱ्या माणसाजवळ ठेवणे, ही फुकटात होणारी पहिली सुधारणा आहे.

परत करण्याविषयी एक जुना पण बोलका पुरावा आहे. अमेरिकेतील २,२४१ कंपन्यांनी संकेतस्थळावरून आलेल्या चौकशांना किती वेळात उत्तर दिले, याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासोबतच मांडलेल्या दुसऱ्या एका पाहणीत, ज्यांनी तासाभराच्या आत संपर्काचा प्रयत्न केला, त्यांना खरेदीचा निर्णय घेऊ शकणाऱ्या व्यक्तीशी नीट बोलणे होण्याची शक्यता, त्यापेक्षा केवळ एक तास उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास सातपट होती. तरीही त्या २,२४१ कंपन्यांपैकी २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिले नव्हते. देश वेगळा आणि धंदे वेगळे असले, तरी चौकशी किती लवकर शिळी होते हे त्यातून कळते. माझा नियम असा आहे की नव्या क्रमांकाला तासाच्या आत आणि जुन्या ग्राहकाला त्याच दिवशी परत फोन गेलाच पाहिजे.

५. आम्ही दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवतो आणि आठवड्याची सुट्टीही घेतो. हे बंद करावे का?

नाही. विश्रांती घेण्याने ग्राहक तुटत नाही. दुपारी बंद राहणारी दुकाने आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालली आहेत, कारण ती कधी उघडतात हे गिऱ्हाइकाला पक्के ठाऊक असते. पाटीवर चार लिहिलेले असताना साडेचारपर्यंत कुलूप दिसले, किंवा फोनवर “आज येतो” म्हणून दोन दिवस कोणी फिरकले नाही, की ग्राहक तुटतो.

म्हणून वेळा पाटीवर, पावतीवर, गूगलवरील व्यवसायाच्या पानावर आणि व्हॉट्सॲपवर एकसारख्या असाव्यात. गणपतीत, दिवाळीत किंवा घरात कार्य असेल तेव्हा त्या आधी बदलून ठेवाव्यात. मनुष्यबळ असेल, तर पाळी लावून दुकान रोज उघडे ठेवता येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आस्थापनांना आठवड्याचे सर्व दिवस व्यवसाय करण्याची मुभा दिली आहे, मात्र प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी देणे बंधनकारक आहे.

६. आता सर्व जण व्हॉट्सॲपवर असतात. मग फोनची काय गरज?

दोन्ही हवेत, कारण दोन्हींची कामे वेगळी आहेत. तुटलेल्या भागाचा फोटो, पत्ता, दरपत्रक, पावती यांसाठी व्हॉट्सॲपसारखे सोयीचे साधन नाही. पण घाईत असलेला, वयाने मोठा, किंवा नेमके काय हवे हे स्वतःलाच ठाऊक नसलेला ग्राहक बोलूनच ठरवतो. “मोटार चालू होते, पण पाणी येत नाही” या तक्रारीचे कारण शोधायला फोनवर दोन मिनिटे पुरतात, तेच लिहून विचारायचे झाले तर दिवस जातो.

लहान व्यावसायिकांसाठीचे व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ मध्ये आले. त्यात दुकान बंद असताना आपोआप जाणारा संदेश, नेहमीची तयार उत्तरे आणि मालाची चित्रयादी या सोयी आहेत. तोच क्रमांक मुख्य फोनव्यतिरिक्त आणखी चार साधनांवर जोडता येतो, त्यामुळे उत्तर देण्याचा भार एकट्या मालकावर राहत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. “लवकरच संपर्क करू” असा आपोआप जाणारा संदेश पाठवून कोणीच संपर्क केला नाही, तर ते मौनापेक्षा वाईट, कारण त्या शब्दावर विसंबून ग्राहक थांबलेला असतो. संदेशात वेळ लिहावी: “दुकान चार वाजता उघडेल, साडेचारपर्यंत आपल्याला फोन येईल.”

७. आमचा फोन नेहमी उचलला जातो, तरी चौकशा विक्रीत बदलत नाहीत. काय चुकत असेल?

फोन कोण उचलतो आणि त्याला काय सांगता येते, हे तपासावे. मी अनेक दुकानांत कोपऱ्यात बसून हे ऐकले आहे. एका ठिकाणचा प्रसंग मला जसाच्या तसा आठवतो. काउंटरवर विशीतला मुलगा होता. फोन आला, त्याने दुसऱ्या रिंगला उचलला.

“हॅलो, पाच एचपीचा स्टार्टर आहे का?”

मुलाने मागच्या फळीकडे पाहिले. तिथे तीन खोकी दिसत होती. तो म्हणाला, “आहे वाटतं.”

“केवढ्याला?”

“मालक जेवायला गेलेत. ते आल्यावर फोन करा.”

“कधी येतील?”

“सांगता येत नाही.”

पलीकडून फोन ठेवला गेला. मुलाने काही लिहून घेतले नाही, कारण जवळ वही नव्हती, आणि विचारणाऱ्याचे नाव व गाव विचारायचे असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मालक वीस मिनिटांनी आले. त्यांना या फोनचा पत्ताही लागला नाही.

या मुलाचा स्वभाव चांगला होता आणि तो फोनही तत्परतेने उचलत होता, तरी त्या दुकानाशी संपर्क झाला असे म्हणता येत नाही, कारण दर सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. अनेक मालक दर स्वतःपुरते ठेवतात, घासाघीस स्वतःच करतात आणि नोकराने काही चुकीचे सांगू नये म्हणून त्याला काहीच सांगू देत नाहीत. त्यांची भीती मला समजते. पण चुकीचा दर सांगितल्याने होणारे नुकसान एका व्यवहारापुरते असते, तर “मालक नाहीत” या उत्तराने होणारे नुकसान रोजचे असते.

उपाय साधे आहेत. सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या पन्नास वस्तूंचे दर छापून फोनशेजारी टांगावेत आणि दर महिन्याला बदलावेत. काउंटरवरील माणसाला किती रुपयांपर्यंत सूट देता येईल, याचा आकडा ठरवून द्यावा. फोनजवळ दोऱ्याने बांधलेल्या पेनासह वही असावी आणि तिच्यात पाच रकाने असावेत: वेळ, नाव व गाव, क्रमांक, काय हवे, आणि उत्तर कधी देण्याचे कबूल केले. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा. “मालक दोन वाजता येतील, सव्वादोनला मी स्वतः आपल्याला दर कळवतो” एवढे वाक्य त्या मुलाला शिकवले असते, तर तो ग्राहक बहुधा थांबला असता.

८. कामगार ग्राहकांशी तुटक बोलतात. वारंवार समज देऊनही फरक पडत नाही.

समज देण्याआधी त्यांच्या जागी एक दिवस उभे राहून पाहावे. तुटक बोलण्यामागे उद्धटपणा क्वचित असतो. बऱ्याचदा एकच माणूस माल काढतो, बिल करतो, समोरच्या गिऱ्हाइकाला उत्तर देतो आणि त्यातच फोन वाजतो. फोन ही त्याला कामात आलेली आडकाठी वाटते, कारण त्याचे मोजमाप समोरच्या विक्रीवर होते आणि फोनबद्दल त्याला कधी कोणी शाबासकी दिलेली नसते. गर्दीच्या दोन तासांपुरता फोन एका ठरावीक माणसाकडे द्यावा आणि त्या वेळात त्याच्यावर दुसरे काम टाकू नये.

दुसरे कारण अज्ञानाचे असते. माणसाला उत्तर ठाऊक नसले की तो चिडका होतो, हा माझा अनुभव आहे. वस्तूची माहिती, वॉरंटीच्या अटी आणि दुरुस्तीला लागणारे दिवस त्याला नीट समजावून दिले, की आवाज आपोआप मऊ होतो. मालक स्वतः कामगारांवर ग्राहकांसमोर ओरडत असतील, तर मात्र कोणतेही प्रशिक्षण उपयोगी पडणार नाही.

९. “अमुकसाठी एक दाबा” अशी स्वयंचलित यंत्रणा बसवावी का?

दिवसाला शंभराहून कमी फोन येत असतील, तर नको. मोठ्या व्यवसायाने बसवली, तर पर्याय चारपेक्षा अधिक नसावेत, मराठी पहिल्याच पायरीवर मिळावी आणि माणसाशी बोलण्याचा मार्ग लपवू नये. यंत्रणा माणसांची वाटणी करते, माणसांची उणीव भरून काढत नाही. मागे फोन घेणारे दोघेच असतील, तर तिसऱ्या प्रश्नातील हिशेब इथेही लागू होतो.

१०. तक्रारीचे फोन घेण्यात वेळ जातो आणि पैसा मिळत नाही. त्यांचा विक्रीशी काय संबंध?

ग्राहक म्हणून आलेला माझाच अनुभव सांगतो. आमच्या घरचा फ्रिज वॉरंटीत असताना बिघडला. मी कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. कोणी आले नाही, पण तिसऱ्या दिवशी “आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे” असा संदेश आला. हे चार वेळा घडले. दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळाला आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सर्व सांगावे लागले. शेवटी फ्रिज दुरुस्त झाला आणि त्यानंतर चांगला चाललाही. पण पुढच्या वर्षी कपडे धुण्याचे यंत्र घेताना आमच्या घरात त्या कंपनीचे नावही निघाले नाही, आणि बहिणीने विचारले तेव्हा मी तिलाही दुसरेच सुचवले. त्या कंपनीच्या कागदपत्रांत मात्र माझ्या चारही तक्रारी वेळेत निवारलेल्या म्हणून नोंदल्या गेल्या असतील.

तक्रार करणाऱ्या ग्राहकाने आपल्याकडे एकदा पैसे दिलेले असतात आणि पुन्हा देण्याची त्याची तयारी असते, म्हणून तर तो फोन करतो. आमच्या व्यवसायात मोटार एकदा विकली जाते, पण वाइंडिंग, बेअरिंग, केबल, स्टार्टर यांसाठी तोच शेतकरी दहा वर्षे येत राहतो. त्याचा तक्रारीचा फोन टाळणे म्हणजे पुढची दहा वर्षे टाळणे होय.

तक्रार आपल्या चुकीमुळे नसेल, तरी ऐकून घ्यावी आणि पुढे काय होणार हे तारखेसह सांगावे. कंपनीकडून भाग यायला आठ दिवस लागणार असतील, तर आठच सांगावेत, “दोन दिवसांत” असे सांगून वेळ मारून नेऊ नये. चौथ्या दिवशी भाग आला नसेल, तरी स्वतःहून फोन करून तसे कळवावे. ग्राहकाने विचारण्याआधी आपला फोन गेला, की निम्मा राग तिथेच शमतो.

११. संपर्क उपलब्ध ठेवण्याचे कायदेशीर बंधन आहे का?

आहे, आणि अनेक लहान उत्पादकांना ते ठाऊक नसते. आवेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पाकिटावर तक्रारीसाठी संपर्क साधता येईल अशा व्यक्तीचे किंवा कार्यालयाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल असावा लागतो. पापड, मसाले किंवा लोणची पाकिटबंद करून विकणाऱ्या बचत गटांनीही हे पाहून घ्यावे.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे त्यांनुसार आवश्यक आहे. दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकणाऱ्या विक्रेत्यालाही हे लागू होते.

शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी त्याला शुल्क भरावे लागत नाही. त्याआधी तो राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करू शकतो. आपला फोन लागत नाही म्हणून त्याला तिथे जावे लागले, तर उत्तर देण्यात जाणारा आपला वेळ कितीतरी जास्त असतो.

१२. आमच्या नावाने कोणीतरी खोटा “कस्टमर केअर” क्रमांक पसरवला आहे. हेही याच विषयात येते का?

येते. खरा क्रमांक सहज सापडत नाही किंवा लागत नाही, तेव्हा ग्राहक तो इंटरनेटवर शोधतो, आणि भामटे नेमके तिथेच टपलेले असतात. “पैसे परत मिळतील, हे ॲप उतरवून घ्या” असे सांगून त्याचे खाते रिकामे केले जाते आणि बदनामी आपली होते.

आपला खरा क्रमांक पावतीवर, वस्तूवर आणि गूगलच्या पानावर ठळक असावा. महिन्यातून एकदा आपल्याच दुकानाचे नाव शोधून कोणता क्रमांक दिसतो ते पाहावे, कारण अशा पानांवर इतरांनाही बदल सुचवता येतात. फसवणूक झालेल्या ग्राहकाला विनाविलंब १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर फोन करण्यास सांगावे. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे असतील, तर पहिले काही तास मोलाचे असतात.

१३. मी एकटाच काम करतो. विहिरीवर मोटार उतरवताना किंवा गाडी चालवताना फोन कसा घेणार?

घेऊच नये, जिवावर बेतेल असा फोन कोणत्याही ग्राहकाला नको असतो. फोनच्या सेटिंगमध्ये “उत्तर न दिल्यास” किंवा “व्यग्र असल्यास” कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवण्याची सोय असते. तो घरी पत्नी, भाऊ किंवा वडील यांच्याकडे वळवावा. त्यांना तांत्रिक माहिती नसली तरी चालते. “ते विहिरीवर आहेत, एक वाजता वर आल्यावर फोन करतील, आपले नाव व गाव सांगा” एवढे पुरेसे आहे. दोन कारागिरांनी आपापसांत ठरवून एकमेकांचे फोन घेण्याची व्यवस्था मी पाहिली आहे. विश्वास असेल, तर ती उत्तम चालते.

एक सावधगिरी सांगतो. फोनवरून कोणी अनोळखी व्यक्ती “स्टार ४०१ हॅश” आणि पुढे एखादा क्रमांक दाबायला सांगत असेल, तर दाबू नये. कॉल वळवण्याच्या सोयीचा गैरवापर करून फसवणूक झाल्याची प्रकरणे घडली आहेत.

१४. केवळ दर विचारणारे किंवा शिवीगाळ करणारे यांचेही फोन घ्यायचे का?

दर विचारणाऱ्याला जरूर उत्तर द्यावे, पाच ठिकाणी चौकशी करूनच शहाणा माणूस खरेदी करतो. सातव्या प्रश्नात सांगितलेले दरपत्रक असेल, तर त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

शिवीगाळीचे वेगळे आहे. एकदा शांतपणे सांगावे, “आपली अडचण मला समजून घ्यायची आहे, पण या भाषेत बोलणे होणार नाही.” तरीही थांबत नसेल, तर फोन ठेवण्याची मुभा कामगाराला असावी आणि नंतर मालकाने स्वतः त्या ग्राहकाशी बोलावे. विशेषतः काउंटरवरील मुलींना अपमान गिळून घ्यायला लावू नये. मालक आपल्या पाठीशी नाहीत हे कळलेला माणूस पुढे प्रत्येकच फोन धास्तीने उचलतो.

१५. आमचा आंब्याचा व्यवसाय दोन महिन्यांचा आहे. हंगामात पेट्या भरायच्या की फोन घ्यायचे?

हापूसच्या बागायतदारांची ही खरी कोंडी आहे. कोकण हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागेतून थेट घरपोच पेटी मागवणारे ग्राहक दलालाला टाळून येतात ते खात्रीच्या मालासाठी, म्हणजे बोलणारे माणूसही त्यांना खात्रीचेच हवे असते.

इथे गोम अशी आहे की तक्रार पेटी पोहोचताच येत नाही. आंबा पिकायला काही दिवस लागतात, मग कापल्यावर साका, म्हणजे आतला खराब झालेला गर, निघतो आणि तेव्हा फोन येतो, नेमका पुढच्या तोडीच्या धांदलीत. तो फोन उचलला नाही, तर ग्राहकाला वाटते की पैसे घेऊन बागायतदार गायब झाला. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे मागणी घेतानाच सांगावे, आणि फळ खराब निघाल्यास फोटो कोणत्या क्रमांकावर किती दिवसांत पाठवायचा व बदली फळ की पैसे, हे लिहिलेली चिठ्ठी पेटीत ठेवावी. मी तर म्हणतो, हंगामापुरते फोनचे काम घरातील एखाद्या शिकलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे रीतसर मेहनताना देऊन सोपवावे.

परदेशातील मराठी मुले-मुली पुण्या-मुंबईतील आईवडिलांसाठी पेट्या मागवतात. न्यू जर्सीत रात्रीचे नऊ वाजलेले असतात, तेव्हा त्या हंगामात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा असतात. सकाळी बागेत जाण्याआधीचा अर्धा तास त्यांच्यासाठी राखून ठेवला, तर दोघांचीही सोय होते. पैसे देणारा आणि पेटी घेणारा वेगळे असल्याने दोघांचेही क्रमांक नोंदवावेत.

१६. दुकानाचा क्रमांक बदलायचा आहे. काही नुकसान होईल का?

शक्य तोवर बदलू नये. कंपनीची सेवा खराब असेल, तर तोच क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २०११ पासून आहे आणि त्यासाठीचा संदेश १९०० या क्रमांकावर पाठवायचा असतो. क्रमांक मुलाच्या किंवा नोकराच्या नावावर असेल, तर आधी तो मालकाच्या नावावर करून घ्यावा. नोकरी सोडून जाताना माणूस क्रमांकही घेऊन गेला आणि त्याबरोबर सारे गिऱ्हाईकही गेले, असे घडलेले मी पाहिले आहे.

बदलणे अटळच असेल, तर जुना क्रमांक किमान वर्षभर रिचार्ज करून चालू ठेवावा आणि त्यावरील फोन नव्या क्रमांकावर वळवावेत. बंद केलेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपला ग्राहक एखाद्या अनोळखी माणसाला मोटारीची तक्रार सांगत बसतो. जुने स्टिकर, भिंतीवरील रंगवलेल्या जाहिराती, पिशव्या आणि वॉरंटीची कार्डे कुठे कुठे गेली आहेत, याची यादी करावी. आमच्या दुकानाचा २००९ मध्ये चिकटवलेला स्टिकर मागच्या उन्हाळ्यात मला एका विहिरीवरच्या पेटीत दिसला. कडा उडाल्या होत्या, पण क्रमांक वाचता येत होता, आणि त्या शेतकऱ्याने तो वाचूनच मला बोलावले होते.